पंप घेतलात का, आई?

४ नोव्हेंबर

ठमे,

हे पत्र समेटाचं नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे तू उगाच डोळे पुसत बसणार नाहीस. माझा राग आहे तसाच आहे. इस्त्री करून, घडी घालून ठेवलाय.

काम पडलंय म्हणून लिहितेय. फोन केला असता, पण दोन वाक्यं बोलले की मला धाप लागते, आणि ती ऐकून तू म्हणणार, "बघ, मी सांगत नव्हते?" ते सुख तुला मिळू द्यायचं नाहीये मला. शिवाय या घरात मी नुसती खाकरले तरी दोन माणसं धावत येतात.

काम असं. खालचं आपलं दुकान माझा लेक भाड्याने द्यायला निघालाय. चष्म्याच्या दुकानाला! तो चष्मेवाला परवा येऊन आपल्या कापायच्या टेबलावर टिचक्या मारून गेला म्हणे, "हे तेवढं काढावं लागेल." ज्या टेबलावर आपण दोघींनी अख्ख्या गावाचे कोट कापले, ते टेबल "तेवढं"!

आणि ही आग लावली कुणी? तू. माझ्या माघारी माझ्या लेकाला सांगितलंस, "तुझ्या आईला दुकानात दम लागतो, जाडं कापड झटकलं की खोकत सुटते, काल तर टेबलावर डोकं टेकून बसली होती." झालं! पोरगा मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दमा. मी म्हटलं, दमा पोराटोरांना होतो, मला या वयात कुठून? तर म्हणाले, या वयातही होतो, आणि लोक वय झालं म्हणून अंगावर काढतात. परत येताना पोराने वाटेत दुकानासाठी कुलूप घेतलं. तू माझ्याशी भांडून लेकीकडे गेलीस ती गेलीसच, आणि मी तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले.

माझी खोली बघशील तर हसशील. पडदे गेले, गालिचा गेला, माझी लोकरीची शाल गेली. गादीला प्लॅस्टिकची खोळ घातलीय, कूस बदलली की कुरकुर कुरकुर करते. रस्त्याची धूळ नको म्हणून खिडकी बंद, शेजारणीची मांजर नको म्हणून दार बंद. सगळं माझ्या भल्यासाठी हं! सूनबाई शाळेत शिकवून येते आणि आल्या आल्या ओल्या फडक्याने माझी खोली पुसते. एक माणूस वाईट वागेल तर शपथ. वाईट वागले असते तर निदान भांडता आलं असतं.

आता नीट वाच. लेकाने मला शब्द दिलाय. महिनाअखेर डॉक्टर मला पुन्हा त्या श्वास मोजायच्या नळीत फुंकायला लावणार आहेत. माझा आकडा सुधारला, तर दुकान मला परत, अर्धा दिवस, तोंडाला मास्क बांधून. नाही सुधारला, तर चष्मेवाला. पण तो चष्मेवाला घाई करतोय. तेव्हा तू लावलेली आग तूच विझव. माझ्या लेकाला एक पत्र टाक आणि सांग, महिना संपेपर्यंत थांब. तू मावशी, तुझं तो ऐकतो. माझं नाही ऐकत, माझी तो काळजी घेतो.

औषधाचं विचारशील. श्वासातून औषध ओढायचे दोन पंप दिलेत. तपकिरी रोजचा, सकाळ-संध्याकाळ, आणि निळा अडीअडचणीला. सूनबाई शाळेला निघताना दारातून विचारते, "पंप घेतलात का, आई?" मी म्हणते, घेतला. औषधच पांचट आहे, त्याला मी काय करू?

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. पेनाला चिंधी गुंडाळलीय. का, ते विचारू नकोस.

तुझी (इलाज नाही म्हणून)
ताई


११ नोव्हेंबर

ठमे,

पत्र पोचलं. लेकाला लिहिलंस, बरं केलंस. तो थांबलाय. आभार मानणार नाही, तुझं कामच होतं ते.

पण मला चार पानं उपदेश कशाला? "ताई, पंप हलवून घेतेस ना? आधी श्वास सोडतेस ना? मग चूळ भरतेस ना?" तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हो, हलवते. हो, सोडते. चूळ तर अशी भरते की मोरी तुंबावी.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला मधेच डॉक्टरकडे नेलं, कारण खोकल्याने मला जेवताना घास गिळता येईना. फुंकवलं. ते डॉक्टर नळी तोंडात देतात आणि समोर उभे राहून ओरडतात, "फुंका आजी, फुंका, फुंका, अजून, अजून!" शर्यतीतली घोडी आहे का मी? शेवटी डोळ्यांपुढे काजवे चमकले. आकडा बघून त्यांनी भुवई वर केली आणि माझ्या डोक्यावरून लेकाला विचारलं, "नियमित घेतात ना?"

लेक म्हणाला, "रोज विचारतो आम्ही."

"मग डोस वाढवू या."

वाढवला. वर गोळ्याही दिल्या. त्या गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं सुजलंय, दिवसभर खा खा सुटते आणि जरा काही झालं की डोकं फिरतं. काल मी सूनबाईवर ओरडले. कशावरून? बिचारीने माझ्यासाठी नवा गाऊन आणला होता, पुढून बटणांचा, मऊ कापडाचा, शिलाईही बरी होती. मी म्हटलं, मला नको, मला डोक्यातून घालायचाच आवडतो. ती म्हणाली, "अहो पण डोक्यातून घालताना तुम्हाला दम लागतो ना, म्हणून तर—" आणि मी कडाडले. ती गाऊन घडी करून घेऊन गेली. नंतर स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत होता. मला वाईट वाटलं, पण उठून तिच्यामागे जायला श्वास कुठे होता?

आता जिन्यापर्यंत जायलाही बंदी. गॅलरीतसुद्धा नाही. लेक म्हणाला, "आई, आकडा खाली गेलाय, आता जरा जपू या." अजून किती जपणार? कपाटात ठेवून द्या डांबराच्या गोळ्या टाकून.

महिनाअखेरीला आकडा वर यायला हवा, ठमे. नुसता विचार केला की छातीत घरघर होते. खाली शटर आहे, शटरमागे टेबल आहे, आणि मधे तीन जिने आणि एक आकडा.

ताई


१६ नोव्हेंबर

ठमे,

तू बाकी अवलादच आहेस.

चार ओळींचं पत्र आणि त्यात एकच प्रश्न. "ताई, आयुष्यभर लोकांच्या कोटांना बटणं लावलीस. तुला बटणांचा कंटाळा कधीपासून यायला लागला?"

मी ते पत्र उशीखाली ठेवलं, मग काढलं, मग पुन्हा ठेवलं. तुला खोटं लिहायला बसले होते, जमलं नाही. तुझ्याशी खोटं बोलायचं तर तुझ्या शेजारी बसून इतकी वर्षं शिवायला नको होतं.

बोटं गेली, ठमे. दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजलीत, पहिली दोन बोटं वाकडी झालीत आणि सकाळी तर मूठ उघडत नाही. बटण लागत नाही. बाटलीचं झाकण निघत नाही. आणि तो पंप दाबला जात नाही. बघायला एवढासा, पण त्याची ती वरची डबी खाली दाबायला अंगठ्यात ताकद लागते, नेमकी तीच नाहीये माझ्यात. दोन्ही हातांनी करून बघितलं. डबी ढिम्म.

मग मी काय करते? ऐक आणि हस. सूनबाई दारातून विचारते तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून पंप तोंडात धरते आणि ओठांनीच "फुस्स" करते. हुबेहूब आवाज येतो. मग गाल फुगवून श्वास धरते, डॉक्टरांनी सांगितला तसा. महिना झाला की भरलेला पंप केराच्या डब्यात खाली दडपून टाकते आणि म्हणते, संपला, नवा आणा. तीन महिने झाले, औषधाचा कण माझ्या छातीत गेलेला नाही. आणि ते डोस वाढवतायत!

आता विचारशील, सांगत का नाहीस? अग, सांगू कसं? डोकं आहे ना तुझ्या खांद्यावर? दम लागणारी शिंपीण म्हणजे आजारी शिंपीण, ती उद्या बरी होईल, असं लोक म्हणतात. बोटं गेलेली शिंपीण म्हणजे काय? कुणीच नाही. माझी बोटं गेली हे लेकाला कळलं की तो डोक्यावरून हात फिरवेल, म्हणेल, "आई, खूप केलंस, आता आराम कर," आणि त्याच दिवशी चष्मेवाल्याला किल्ली देईल. प्रेमाने देईल गं, तेच तर दुखणं आहे.

म्हणजे बघ. दुकान हवं तर आकडा हवा. आकडा हवा तर पंप हवा. पंप हवा तर बोटं हवीत, नाहीतर बोटं नाहीत हे कबूल करायला हवं. आणि कबूल केलं की दुकान गेलं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे प्लॅस्टिकच्या खोळीवर बसून कुरकुरतेय.

पण मी हात टेकलेले नाहीत. दाबायचंच आहे ना फक्त? आयुष्यभर जाडजाड कापड दाबून बसवलंय मी. काहीतरी शोधून काढेन. कालपासून प्रयोग चालू आहेत. पलंगाच्या कडेवर ठेवून कोपराने दाबला, तर उडून कपाटाखाली गेला. हनुवटीने भिंतीवर दाबला, तर औषध नाकात. पण दबला! म्हणजे होतंय.

हे पत्र वाचून फाडून टाक. आणि माझ्या लेकाला यातला एक शब्द लिहिलास तर तू माझी कुणी नाहीस. एकदा चुगली केलीस तेवढी पुरे.

ताई


२१ नोव्हेंबर

ठमे,

घात झाला.

कपाटाच्या दाराची फट मला सापडली होती. पंप उलटा धरायचा, डबी फटीत अडकवायची, तोंडाचा भाग दातांत पकडायचा आणि खांद्याने दार लोटायचं. दार मिटतं तशी डबी दबते. माप नीट घेतलं होतं मी. एकदा जमलंसुद्धा. छातीत गार वारं शिरल्यासारखं झालं, मी तर आनंदाने टाळ्या पिटणार होते, पिटता आल्या असत्या तर.

दुसऱ्यांदा करत होते आणि लेक आत आला.

त्याला काय दिसलं असेल, विचार कर. आई कपाटाशी गुडघ्यांवर बसलीय, तोंड दाराच्या फटीत, दातांत प्लॅस्टिक, आणि खांद्याने कपाटाला धडका मारतेय.

"आई! काय करतेयस?"

मी तोंडातलं काढलं आणि जे सुचलं ते बोलले. म्हटलं, "कपाटात वारा येतोय का ते बघत होते."

आता हे काय उत्तर झालं? पण त्या वेळी दुसरं सुचलंच नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आत्ता रडेल. मग अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसा म्हणाला, "चल, पलंगावर बस हं." आणि ते "हं" ऐकलं तेव्हाच मला कळलं, आता मी आणखी खोल खड्ड्यात गेले.

भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं. तो सूनबाईला म्हणाला, "आईचं डोकं चालत नाहीये. केरात भरलेले पंप सापडलेत, कपाटाशी बोलते, तुझ्यावर ओरडते. वय झालं." सूनबाई म्हणाली, "गोळ्यांनी होत असेल." तो म्हणाला, "एकटं ठेवायला नको."

तेव्हा आता दिवसाची एक बाई ठेवलीय. चांगली आहे, टीव्ही बघते आणि मला बिस्किटं देते. पण दूध आणायला किंवा खाली फोनवर बोलायला गेली की माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावून जाते. लेकानेच सांगितलंय तिला, मी जिन्यात जाऊन पडू नये म्हणून. नवी कडी लावली, पितळेची. मी आत बसून तिचे स्क्रू पिळले जाताना ऐकत होते.

आणि पंप? रोजचा बाईच्या ताब्यात. तपकिरी ती सकाळ-संध्याकाळ माझ्या हातात देते आणि समोर उभी राहते. मी तिच्यासमोरसुद्धा "फुस्स" करते. तिला काय कळतंय! निळा तेवढा माझ्या उशाशी ठेवू दिलाय, कारण डॉक्टरांनी बजावलंय, तो हाताशी हवाच. हाताशी आहे खरा. हातात नाही.

सांगून टाकू का, ठमे? सांगितलं तर वेडी नाही ठरणार, पण निकामी ठरेन. तूच सांग, यातलं बरं कुठलं? मला खरंच कळत नाहीये. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आकड्याला आता आठवडाच उरलाय, आणि छाती रोज आणखी आवळत चाललीय.

ताई


२६ नोव्हेंबर

ठमे,

जिवंत आहे. सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

परवा दुपारी बाई दूध आणायला गेली. शेजारी कुणीतरी भिंत घासत होतं, रंगकामासाठी, आणि त्याची पांढरी भुकटी दाराखालून आत येत होती. मी खोकायला लागले. आधी नेहमीसारखाच खोकला. मग श्वास बाहेर जाईना. लोकांना वाटतं दम्यात श्वास आत येत नाही. अग, आतला बाहेरच जात नाही, आणि मग नवीन शिरायला जागा कुठून असणार? गळ्याशी शिट्टी वाजत होती. मी निळा पंप उचलला. अंगठ्याने दाबला. तळहाताने दाबला. गुडघ्यावर ठोकला. दातांनी चावला. काही केल्या दबेना. आणि दाराला बाहेरून कडी.

ठमे, माझ्या हातात औषध होतं आणि मी मरत होते. त्या क्षणी मला दुकान आठवलं नाही, टेबल आठवलं नाही, काही नाही. फक्त वाटलं, कुणीतरी हे दाबा.

मी चप्पल काढून दारावर मारायला लागले. बाहेरून आवाज आला, "कोण आहे? घरात कोणी आहे का?" पुरुषाचा आवाज. कडी निघाली आणि दारात कोण उभा? चष्मेवाला! लेकाने त्याला दुकानाची मापं घ्यायला किल्ली न्यायला सांगितली होती. बाई पुढचं दार उघडं टाकून गेली होती, म्हणून हा वर आलेला.

मी पंप त्याच्यापुढे धरला. तो घाबरून म्हणाला, "घ्या ना आजी, घ्या तुम्ही, घ्या!" मी मान हलवली. तो म्हणाला, "अहो, घ्या की!" मग मी ते वाक्य बोलले. एकेक शब्द ओढून काढून बोलले. "माझ्याच्याने... दाबवत... नाही."

जगात पहिल्यांदा कुणाला सांगितलं ते त्याला. माझं दुकान घेणाऱ्याला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते असं.

त्याने पंप घेतला आणि पहिला दाब थेट स्वतःच्या चष्म्यावर मारला. मग माझ्या तोंडात धरला. दाबला. थांबला. पुन्हा दाबला. हळूहळू शिट्टी कमी झाली, खांदे खाली आले. तो तिथेच जमिनीवर बसला आणि चष्मा पुसायला लागला.

बोलता आलं तसं मी म्हटलं, "लेकाला सांगू नका."

"काय?"

"बोटांचं. तुमचंच भलं आहे म्हणा सांगण्यात. दुकान तुम्हालाच मिळेल. तरी नका सांगू."

त्याने पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "आजी, माझ्याकडे रोज लोक येतात. दिसत नाही असं एकही म्हणत नाही. म्हणतात, तुमच्याकडचे दिवे मंद आहेत. म्हणतात, हल्ली छपाईच वाईट असते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण ते गाडी चालवत घरी निघाले, तर मी त्यांच्या मुलाला फोन करतो." आणि माझ्यासमोर त्याने लेकाला फोन केला.

मी त्याला काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहीत नाही. आता पाकीट सूनबाईच चिकटवून टपालात टाकते.

लेक धावत आला. पलंगावर बसला, माझा अंगठा हातात घेऊन हळूच वाकवून बघितला. मी कळवळले. तो म्हणाला, "खोटं का बोललीस, आई?"

"तू दुकानाला कुलूप लावशील म्हणून."

"अग, कुलूप तर लावलेलंच होतं!"

बराच वेळ तो माझा हात धरून बसला होता आणि ती खोळ आम्हा दोघांच्या वजनाने कुरकुरत होती. मग तो उठला, पेचकस आणला आणि दाराची कडी काढून टाकली. काढताना रडत होता. मीही रडले. आता लपवून काय करायचंय?

ताई


२ डिसेंबर

ठमे,

दवाखान्यात या वेळी एक नर्सबाई होती. डॉक्टरांच्या आधी तिने मला बसवलं आणि म्हणाली, "आजी, पंप घेऊन दाखवा बघू." इतक्या वेळा गेले, पण घेऊन दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि मीही कधी आपणहून दाखवला नव्हता. मी घेऊन दाखवला, म्हणजे न घेता दाखवला. "फुस्स" ऐकून ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. मग तिने माझी बोटं बघितली आणि हसू थांबलं.

आता रोजच्यासाठी मला दुसरं औषध दिलंय. दाबायचं नाही, नुसतं झाकण लोटायचं आणि तोंडाने ओढायचं. तेवढी ओढ माझ्या छातीत आहे की नाही, हे तिने आधी तपासून घेतलं. आणि निळ्या पंपाला एक दांडी मिळाली. पंप तिच्यात बसवायचा आणि सगळ्या मुठीने आवळायचं, की दबलाच. मी कपाटाशी झटापट करत होते आणि ही दांडी बाजारात होती! म्हणजे माझ्यासारख्या इतक्या बाया-बाप्ये आहेत की त्यांच्यासाठी कारखाने दांड्या बनवतायत. आणि मला वाटत होतं, जगात मी एकटीच.

आकडा लगेच नाही घेतला. डॉक्टर म्हणाले, औषध आता कुठे छातीत जायला लागलंय, जरा दिवस द्या. त्या तोंड सुजवणाऱ्या गोळ्या कमी करत आणतायत. चष्मेवाल्याला लेकाने थांबायला सांगितलं. तो थांबला. मी त्याला शिव्या दिल्या होत्या, तरी थांबला.

खिडकी आता दुपारी उघडी असते. सूनबाईचा तो बटणांचा गाऊन मी मागून घेतला. बटणं तीच लावून देते. सकाळी ती लावत असताना बरं वाटतं.

ताई


२३ डिसेंबर

ठमे,

आकडा वर आला. चांगलाच वर. डॉक्टरांनी "अजून, अजून" म्हणायची गरजच पडली नाही. पोराने दिलेला शब्द पाळला. मला वाटलं होतं, बोटांचं कळल्यावर काहीतरी निमित्त काढेल. पण तो स्वतः खाली गेला, ओल्या फडक्याने सगळं पुसून घेतलं आणि मला म्हणाला, "चल." तीन जिने उतरले, तोंडाला मास्क, पिशवीत दांडी लावलेला पंप, आणि मधे एकदाही थांबावं लागलं नाही. शटर वर गेलं. मी आत गेले आणि टेबलाला दोन्ही हात टेकून उभी राहिले. छाती मोकळी होती. श्वास येत होता, जात होता, कुणी मोजत नव्हतं.

मग मी कात्री हातात घेतली.

लेक दाराशी होता, मुद्दाम रस्त्याकडे बघत. मी कात्रीत बोटं घातली, कापडावर ठेवली आणि मिटायला गेले. मिटली नाही. पुन्हा केलं. नाही. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून ओठ चावले. काय गंमत आहे बघ, इतके दिवस श्वासासाठी भांडले, श्वास मिळाला, आणि आता त्या श्वासाने करायचं काय, हेच कळेना. तिथेच स्टुलावर बसून राहिले. वर कोंडले होते तेव्हा निदान खाली यायची आशा होती. खाली आल्यावर कसली आशा करायची?

तेवढ्यात शटर वर गेलेलं बघून एक बाई आत आली. उंच, कोर्टात काम करते म्हणाली. हातात काळं लोकरी कापड, कोट हवाय. मी उठले. फीत तळहातांत धरता येते मला. माप घेतलं. छातीला फीत लावली तशी तिने पोट आत ओढून श्वास धरला, सगळी गिऱ्हाइकं धरतात तसा. मी म्हटलं, "सोडा हो श्वास, कोट घालून जगायचंय तुम्हाला." खडू मुठीत धरून कापडावर रेघाही मारल्या. वाकड्या आल्या, पण जागच्या जागी आल्या. खांदा कुठे पडणार, बाही कुठे वळणार, सगळं दिसतं मला. डोकं शाबूत आहे.

ती म्हणाली, "केव्हा मिळेल?"

मी म्हटलं, "माझी बहीण येतेय. कापायचं काम ती करते. ती आली की आठवड्यात."

लेकाने वळून माझ्याकडे बघितलं.

तेव्हा असं आहे. मी गिऱ्हाइकाला शब्द दिलाय, आणि तो तुझ्या जिवावर दिलाय. चष्मेवाला नव्या वर्षापर्यंत थांबतो म्हणालाय, त्यापुढे नाही. तुझ्या लेकीची पोरं आता मोठी झालीत, तिथे तुझं काही अडत नाही. तू माझ्या माघारी लेकाला जे सांगितलंस, ते बरं केलंस असं मी म्हणणार नाही. म्हणणार नाही म्हणजे नाही. पण ते आत्ता महत्त्वाचं नाही.

ये, ठमे. दम आहे आता माझ्यात, हात नाहीत. माझ्याच्याने एकटीने होत नाही गं.

उत्तर लिहीत बसू नकोस. गाडीत बस.

ताई